सोयाबीनची खरेदी किंमत किती?

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे



नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके २०२५ मध्ये पहिलीपासून यायला लागली आणि टप्प्याटप्प्याने वरच्या इयत्तांपर्यंत पोचणार आहेत. पुस्तक एकदा छापले की आठदहा वर्षे हलत नाही, म्हणून जे सांगायचे ते छपाईच्या आधी सांगितलेले बरे. हे पत्र गणितातल्या एकाच प्रकरणाविषयी आहे: नफा-तोटा. ते खुले ठेवले आहे ते अशासाठी, की हा विषय जितका आपल्या विषय समितीचा तितकाच वर्गावर तो शिकवणाऱ्यांचा आणि घरी गृहपाठ बघणाऱ्यांचाही आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ आले, तेव्हा त्याची चर्चा विधानसभेपर्यंत गेली. नफा-तोट्याच्या प्रकरणावर मात्र कधी कुणी आवाज चढवल्याचे आठवत नाही. खरे तर भांडायला तिथे जास्त जागा आहे.

आपल्याकडचे नमुन्याचे शाब्दिक उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ असते. दुकानदाराने वस्तू ४०० रुपयांस घेतली, ४६० रुपयांस विकली, तर शेकडा नफा किती? उत्तर १५. यात गणिताची चूक काहीच नाही. वाहतूक, हमाली असा वरखर्च खरेदीत मिळवायचा असतो, हेही मुलांना शिकवले जाते. प्रश्न आहे तो या उदाहरणात उभा असलेल्या माणसाचा. तो नेहमी काहीतरी तयार विकत घेतो आणि तेच जास्त किंवा कमी दराने विकतो. खरेदी किंमत त्याला एका आकड्यात ठाऊक असते, विक्री किंमत तो स्वतः ठरवतो आणि दोन्हींच्या मधला काळ जणू नसतोच. म्हणजे तो व्यापारी आहे. शेतकऱ्याचा खर्च जोडायला लावणारे एखादे उदाहरण अधूनमधून येते, पण तिथेही खर्च आयता मांडून दिलेला असतो आणि मुलाच्या वाट्याला बेरीज-वजाबाकी तेवढी उरते. बीड जिल्ह्यातल्या वर्गात बसलेल्या बहुतेक मुलांच्या घरी मात्र कुणी विकण्यासाठी विकत घेत नाही. कुणी कापूस-सोयाबीन पिकवतो, कुणी दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊस तोडायला जातो, कुणी बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे पाटीत भरून रस्त्यावर बसतो. या घरांना खरेदी किंमत विचारली, तर सूत्रात टाकायला आकडाच सापडत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, नफा-तोट्याचे गणित पिकवणाऱ्याच्या आणि राबणाऱ्याच्या बाजूनेही मांडले जावे. त्यांची दया यावी म्हणून हे म्हणत नाही. त्या बाजूला गणित जास्त आहे, म्हणून म्हणतो.

उदाहरणादाखल एक एकर सोयाबीन घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण इथल्या कुठल्याही घरात ते परके वाटणार नाहीत. बियाणे ३,२०० रुपये, खत ३,०००, तणनाशक आणि फवारणी २,८००, नांगरट-मोगडणी-पेरणी ५,०००, काढणी आणि मळणी ६,०००. बेरीज २०,०००. उत्पन्न सहा क्विंटल, भाव ४,२०० रुपये, म्हणजे पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) आली २५,२०० रुपयांची. पुस्तकाच्या रीतीने नफा ५,२०० रुपये, शेकडा २६. सहावीतला मुलगा इथे उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळा होतो. आता त्याला एकच पुरवणी प्रश्न विचारा. आईने खुरपणीला आणि वडिलांनी पाणी-राखणीला मिळून २४ दिवस दिले; तेच दिवस दुसऱ्याच्या शेतात दिले असते तर रोज ३०० रुपये मिळाले असते; मग नफा किती? खर्च २७,२०० होतो आणि २६ टक्क्यांचा नफा दोन हजारांच्या तोट्यात जातो. मोंढ्यापर्यंतचे, म्हणजे बाजार समितीपर्यंतचे, भाडे आणि हमाली क्विंटलला १०० रुपये धरली की तोटा २,६०० रुपयांवर जातो. शेत तेच, माल तोच, भावही तोच. खर्चाच्या रकान्यात कुणाला बसवायचे आणि कुणाला बाहेर ठेवायचे, एवढेच बदलले. हा निर्णय गणिताच्या आधी घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला आपले पुस्तक कधीच सांगत नाही.

कुणी म्हणेल, हे अर्थशास्त्र झाले, सहावीच्या मुलाला कशाला? पण देशातले शेतमालाच्या भावाचे सगळ्यात मोठे भांडण याच एका प्रश्नावर उभे आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाच्या पायऱ्या मांडतो. खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए२. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए२ अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज चढवले की सी२. स्वामिनाथन आयोगाने उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के जास्त द्या असे सांगितले. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली. सरकार ती दीडपट ए२ अधिक एफएलवर मोजते, शेतकरी संघटना म्हणतात ती सी२ वर मोजा. २०२४-२५ साठी सोयाबीनचा खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला गेला आणि हमीभाव ठरला ४,८९२ रुपये. ३,२६१ ची दीडपट करायला सहावीचे गणित पुरते. पण आपल्या कल्पित एकराचा खर्च सहा क्विंटलांना भागला तर भाडे-हमाली सोडूनही क्विंटलला साडेचार हजारांच्या वर जातो. मग ३,२६१ चुकीचा की साडेचार हजार? दोन्ही बरोबर असू शकतात, कारण एक देशभरची सरासरी आहे आणि दुसरा एका रानाचा हिशेब. शेकडेवारीच्या प्रकरणातून सरासरीच्या प्रकरणात जायला याहून चांगली पायवाट कुठली? मूल विचारेल की सरासरीच्या वर खर्च असलेल्याचे काय होते, आणि त्या दिवशी वर्गात सरासरी खरोखर शिकवली गेलेली असेल.

याच उदाहरणात भागाकार दडलेला आहे, आणि बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात तो सगळ्यात महत्त्वाचा. दुकानदाराला एका वस्तूमागची खरेदी किंमत आधी कळते, विक्री नंतर होते. शेतकऱ्याचा एका क्विंटलमागचा खर्च मळणी होईपर्यंत कुणालाच माहीत नसतो, कारण भागायचे ज्याने तो छेद अजून आभाळात असतो. पावसाने ऐन शेंगा भरताना पंधरा दिवस दडी मारली आणि सहाऐवजी चारच क्विंटल झाले, तर वरचा २७,२०० चा खर्च जवळजवळ तसाच राहतो, भाडे-हमाली तेवढी ४०० वर येते, आणि क्विंटलमागचा खर्च पडतो ६,९०० रुपये. आता ४,८९२ चा पूर्ण हमीभाव मिळाला तरी एकरी आठ हजारांवर तोटा. सहा क्विंटल पिकून तोच हमीभाव मिळाला असता, तर दीड हजार रुपये उरले असते. प्रत्यक्षात २०२४ च्या हंगामात बाजारभाव हमीभावाच्या खालीच राहिला, ते वेगळे. अंश कायम ठेवून छेद लहान केला की अपूर्णांक मोठा होतो, हा नियम आपण मुलांना पोळीचे तुकडे दाखवून शिकवतो. तो दुष्काळाचा नियम आहे, हे त्यांना कळायला हरकत काय?

दुसरे उदाहरण घडलेले आहे आणि वर्तमानपत्रांतून राज्यभर गाजलेले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात किलोला एक रुपया दराने गेला. मालाचे झाले ५१२ रुपये. मोटारभाडे, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे कापले गेले. उरले २ रुपये ४९ पैसे, आणि हातात पडला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा धनादेश. त्या वेळी सगळे हळहळले, पण गणित फारसे कुणी केले नाही. कपात ९९ टक्क्यांच्या वर का गेली? कारण ती भावावर ठरत नाही, वजनावर आणि गोण्यांवर ठरते. किलोला दहा रुपये भाव असता, तर ५,१२० रुपयांतून तेच ५०९ रुपये गेले असते आणि कपात दहा टक्क्यांच्याही आत आली असती. भाव दहापट झाला की हातात पडणारी रक्कम दहापट होत नाही. ती २ रुपये ४९ पैशांवरून ४,६१० रुपये ४९ पैशांवर जाते. आठवीच्या मुलाला हे बीजगणितात लिहून दाखवता येईल: भाव क्ष धरला तर हातात ५१२क्ष उणे ५०९.५१. एका पट्टीत समीकरण आले, आलेख आला, आणि समप्रमाण कशाला म्हणायचे नाही याचा पक्का नमुना आला. आता त्या २ रुपये ४९ पैशांना नफा म्हणायचे का, असेही विचारा. निम्मा वर्ग तरी हो म्हणेल, कारण रक्कम धन आहे. कांदा पिकवायला लागलेला खर्च त्या पट्टीवर कुठेच छापलेला नसतो.

तिसरे उदाहरण कोयत्याचे, म्हणजे ऊसतोडीचे, कारण ते सोडून बीडविषयी काही लिहिता येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि तोडलेल्या टनांतून ती फेडायची. तोडणी कामगारांच्या जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला २७३ वरून सुमारे ३६६ रुपयांवर आला. ही वाढच आधी शेकडेवारीचे उदाहरण आहे. पुढचे असे: उचल एक लाख रुपये, रोजची तोड दोन टन, हंगाम १२० दिवस, तर उचल फिटेल का? २४० टनांचे ८७,८४० रुपये होतात. बाकी राहते १२,१६० रुपये. फिटायला २७३ टनांहून थोडी जास्त तोड हवी, म्हणजे सतरा दिवस आणखी. आजारपणाने दहा दिवस खाडा पडला तर? वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून रोज शंभर रुपये आले तर? साखरेचा उतारा घटला म्हणून कारखाना तीन आठवडे आधी बंद झाला तर? इथे खरेदी किंमत नाही, विक्री किंमत नाही. आहे ती बाकी, जी पुढच्या वर्षीच्या पहिल्या ओळीत जाऊन बसते. ऋण संख्या पुढे कशा ओढल्या जातात, हे तापमापकापेक्षा या हिशेबात जास्त स्पष्ट दिसते. आणि हाच टन कारखान्याच्या वहीत खर्चाच्या बाजूला लिहिलेला असतो. एकाचे उत्पन्न ती दुसऱ्याची खरेदी किंमत, एवढी साधी गोष्ट आपल्या नफा-तोट्यात दिसत नाही, कारण तिथे व्यवहाराला दुसरी बाजूच नसते.

वरच्या इयत्तांत हा व्यापारी आणखी ऐटीत येतो. आठवीत सूट आणि कमिशन, दहावीत जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड. मी यांच्या विरोधात नाही. बीडच्या मुलानेही म्युच्युअल फंड समजून घ्यावा. पण दहावीच्या ‘अर्थनियोजन’ प्रकरणातल्या जीएसटीच्या साखळीत प्रत्येक व्यापारी विक्रीवरच्या करातून खरेदीवर भरलेला कर वजा करतो आणि फरक भरतो. ते गणित मुलांना छान जमते. त्याच साखळीच्या टोकाला शेतकरी उभा केला की काय होते, हे मात्र विचारले जात नाही. तो खतावर ५ टक्के आणि रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के कर भरतो. त्याच्या धान्याच्या विक्रीवर कर नाही, म्हणून त्याला नोंदणी नाही, म्हणून त्याला वजावटही नाही. भरलेला कर तसाच उत्पादन खर्चात राहतो. ‘सवलत असूनही कर कुणी सोसला?’ हा दहावीच्या मुलाला झेपणारा आणि चांगलाच खोल प्रश्न आहे. एका ओळीत मावेल.

परंपरेचा दाखला हवा असेल तर तोही घरचाच आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० मध्ये रचली. त्यांच्या गावाचे, विज्जलविडाचे, नाव काही अभ्यासक बीडशी जोडतात, बहुतेक चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. तो वाद बाजूला ठेवू. लक्षात घेण्याजोगे हे की, हा ग्रंथ मंगलाचरण उरकताच थेट बाजारात शिरतो. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. त्यानंतर सोने तोलायची, धान्य मापायची आणि जमीन मोजायची परिमाणे. पुढे त्रैराशिक, पंचराशिक, मालाच्या बदल्यात माल, मुद्दल-व्याजाचे व्यवहार. त्या काळच्या वाचकाला जी मापे हाताळावी लागत, ती आधी दिली आणि मग गणित. आपल्या मुलाच्या हातातली मापे आज क्विंटल, टन, एकर, गुंठा, उचल, खाडा, पट्टी ही आहेत. ती पुस्तकात आणणे ही काही नवी सुधारणा नव्हे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला, आणि सगळ्यात वजनदार, असा की शाब्दिक उदाहरण मुद्दाम सोपे ठेवलेले असते. मुलाला आधी क्रिया कळू द्या. वास्तवाचा गुंता घातला तर तीही जाईल. क्रिया आधी यावी हे मला मान्य आहे. ४०० ला घेतले, ४६० ला विकले, हे उदाहरण पहिल्या पानावर हवेच. पण ते शेवटच्या पानापर्यंत का टिकते? साधेपणाचीही किंमत मोजावी लागते, आणि ती मोजलेली आहे. फ्रान्समध्ये १९७९ च्या सुमारास ग्रनोबल इथल्या गणितशिक्षकांनी लहान मुलांना विचारले: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी क्रिया करून वय सांगितले. ती मुले मठ्ठ नव्हती. उदाहरणातले सगळे आकडे वापरायचे असतात आणि उत्तर असतेच, हे शाळेने त्यांना नीट शिकवले होते. आपल्याकडे ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ही खूणगाठ याच जातीची. नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या बहुपर्यायी परीक्षांनी ती आणखी घट्ट केली आहे. बीड जिल्ह्यातल्या गढीच्या नवोदयमध्ये जागा मिळवायची तर मुलाला प्रश्न वाचून विचार करण्यापेक्षा प्रश्न ओळखण्याचाच सराव दिला जातो, आणि पालकांना त्यासाठी दोष देता येत नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-टरबूज विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडीवरच्या हिशेबात त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडले तेव्हा ३७ टक्के. पाचच मुले, म्हणून कुणी तो बाजूला सारला असता. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुले होती. ही मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करत होती, पण शाळेची मांडणी त्यांना जमेना. आणि नुसती शाळेत जाणारी मुले कागदावर बरी होती, पण बाजारातल्या हिशेबात अडखळत होती. म्हणजे दोन्हीकडे गणित आहे आणि मधला पूल नाही. मला यातला दुसरा अर्धा भाग जास्त काळजीचा वाटतो, कारण पहिल्याची चर्चा निदान होते. दहावीला गणितात ऐंशी मार्क मिळवलेला मुलगा वडिलांच्या हातातली पट्टी वाचू शकत नसेल, तर त्या ऐंशी मार्कांचे काय करायचे, हे त्याच्या वडिलांनी विचारले तर मंडळाकडे उत्तर असायला हवे.

दुसरा आक्षेप असा, की यामुळे पुस्तकात राजकारण शिरेल, व्यापारी खलनायक ठरेल आणि शेतकऱ्याच्या मुलाला शेतीची घृणा येईल. घृणेचे सांगायचे तर घरातला तोटा मुलाला पुस्तकातून कळत नाही. तो त्याला आधीच ठाऊक असतो, फक्त त्याची फोड करता येत नाही. हिशेब मांडला की कधी असेही दिसेल की भाव पुरेसा होता आणि पैसा उधारीवर घेतलेल्या औषधात गेला. आणि व्यापाऱ्याची बाजू तर अवश्य यावी. ओल्या मालाला भाव कमी का, याचे हे उदाहरण बघा. १०० किलो सोयाबीनमध्ये १५ टक्के ओलावा आहे. वाळवून तो १२ टक्क्यांवर आणला, तर वजन किती उरेल? जवळजवळ प्रत्येक जण ९७ किलो म्हणेल. कोरडा माल ८५ किलो आहे आणि तो नव्या वजनाच्या ८८ टक्के भरला पाहिजे, म्हणून उत्तर ९६.५९ किलो येते. म्हणजे घट तीन किलोहून जास्त. १५ आणि १२ हे आकडे हवेतून घेतलेले नाहीत: सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. त्या सैल केलेल्या तीन टक्क्यांचा भार कुणी उचलला, हे मूल स्वतः मोजू शकते. राजकारण बाहेर ठेवायचे म्हणून हे वगळायचे, तर शेकडा १५ नफ्याला ‘योग्य’ समजणारे साधे उदाहरणही काही निष्पक्ष नसते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: पुस्तक राज्याचे आहे, मुंबईच्या मुलाला मोंढा काय माहीत? तितकाच, जितका बीडमधल्या पाटोद्याच्या मुलाला शेअर दलाल माहीत असतो. तरी तो दलाली काढतोच. शिवाय बांद्र्याच्या घरातला कांदा कुठल्यातरी पट्टीतूनच आलेला असतो, आणि एक रुपया किलोने गेलेला कांदा त्याच्या घरी कितीला पोचला हे तो मुलगा आईला विचारून सांगू शकेल. त्याचे उत्तर आणि बार्शीच्या मुलाचे उत्तर शेजारी ठेवले की मधली साखळी उलगडते. परीक्षेचे म्हणाल, तर कोणता खर्च धरायचा हे प्रश्नातच सांगितले की उत्तर एकच येते, आणि तो धरल्यावर-न धरल्यावर काय फरक पडतो हे विचारले की दोन उत्तरे येतात, दोन्ही तपासण्याजोगी. पायरीनुसार गुण देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. शिक्षकांनी स्वतः अशी उदाहरणे द्यावीत, हेही कुणी म्हणेल. काही देतातही. पण जे पुस्तकात नाही ते परीक्षेत नाही, आणि जे परीक्षेत नाही त्यासाठी जानेवारीत कुणाकडे तास शिल्लक नसतो.

जानेवारीवरून शेवटचा मुद्दा. तो मजकुराचा नाही, क्रमाचा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात तातडीचा. २०१६ च्या सहावीच्या गणितात शेकडेवारी, नफा-तोटा, बँक व सरळव्याज ही तिन्ही प्रकरणे दुसऱ्या भागात आहेत. म्हणजे दिवाळीनंतर. बीडमधून तोडणी कामगारांच्या गाड्या निघतात त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि परततात मार्च-एप्रिलमध्ये. हंगामी वसतिगृहे आहेत, तिथे काही मुले राहतात. बाकीची आईबापांबरोबर उसाच्या फडात जातात. ज्या मुलांच्या घरात उचल, व्याज आणि बाकी हे शब्द वर्षभर बोलले जातात, नेमकी त्यांचीच गाठ या प्रकरणांशी पडत नाही. त्याआधीच्या भागात ती कोन, सममिती आणि विभाज्यता शिकून गेलेली असतात. अपूर्णांक आणि दशांश पहिल्या भागातच होतात, त्यामुळे शेकडेवारी आणि नफा-तोटा सममितीच्या आधी आणायला गणिताची कोणतीही अडचण दिसत नाही. यासाठी नवे प्रकरण लिहावे लागत नाही, पाने वाढत नाहीत, खर्च वाढत नाही. अनुक्रमणिकेतल्या चार ओळी वरखाली कराव्या लागतात.

आणि त्या वर आणलेल्या प्रकरणात एका पानावर बाजार समितीची खरी पट्टी छापावी, नाव-गाव पुसून: वजन, दर, मोटारभाडे, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. खाली खर्चाचा एक रिकामा तक्ता द्यावा, घरी विचारून भरण्यासाठी, आणि त्यात घरच्यांच्या कामाच्या दिवसांचा रकाना असावा.

कळावे,
आपला,
बीड जिल्ह्यातील एक वाचक